शमीमआपा शुक्रवारी बसायच्या

शमीमआपांच्या इकाम्यावर, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यावर, स्वच्छ लिहिलेलं होतं की या बाई नवऱ्याच्या आश्रित आहेत आणि यांना काम करण्याची परवानगी नाही. आपांनी ते वाचलेलं होतं. आपा सगळंच वाचत. त्यामुळे जेद्दातल्या चौदा वर्षांत त्यांनी एक दिवसही काम केलं नाही. त्या फक्त शुक्रवारी बसायच्या.

जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की शराफिया वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सात-आठ माणसं प्लॅस्टिकच्या फायली घेऊन येत. आपा डायनिंग टेबलाच्या एका टोकाला बसत, चष्मा स्कार्फच्या वरून लावत, आणि एकेकाचं भारतातलं इन्कम टॅक्सचं विवरणपत्र भरून देत. पैसे घेत नसत. कोणी सुरमई आणली तर परत पाठवत, खजूर आणला तर आणणाऱ्यालाच खायला लावत. एका बाजूनं कोरे कागद मात्र घेत. माझ्या शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका मी गठ्ठ्यानं नेऊन द्यायची. रायगडातल्या एका फोरमनचं विवरणपत्र सातवीच्या भूगोलाच्या पाठीवर तयार झालेलं मी पाहिलं आहे.

त्यांचे यजमान युसुफभाई मुकादम एका मोबाइलच्या दुकानात हिशेब बघत. शुक्रवारी ते सोफ्यावर बसून आवाज बंद केलेला टीव्ही पाहत. घरात परके पुरुष येणार तर आपण हजर असावं, एवढाच त्यांचा त्यात भाग. मधूनच आपा मान वर न करता म्हणत, "मुकादम, चहा." मग ते उठून चहा करत.

आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो. मी इंडियन शाळेत शिकवायचे आणि माझा नवरा मिलिंद पाणी गोडं करायच्या प्रकल्पावर इंजिनियर होता. आपा मूळच्या रत्नागिरीजवळच्या, लग्नाआधी सहा वर्षं तिथल्या एका वकिलांकडे करविषयक कागद बघणाऱ्या. मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी अगदी नेटकं. रागावल्या किंवा खूश झाल्या की तेवढं गावचं बोलणं वर यायचं, पण दोन्ही क्वचितच व्हायचं.

मिलिंदची फाइल घेऊन आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी इतरांना विचारत तेच विचारलं.

"तुमचं म्हातारपण कुठं कुठं ठेवलंय?"

मिलिंदला कळेना. मी सांगितलं, "अरे, पीएफ, पीपीएफ, पेन्शनचं खातं."

मिलिंदनं अभिमानानं पीपीएफचं पासबुक पुढं केलं. आपांनी ते खातं उघडल्याची तारीख पाहिली. मग मिलिंदच्या पासपोर्टवरचा सौदीचा पहिला शिक्का पाहिला. मग पुन्हा तारीख.

"हे खातं उघडलंत तेव्हा तुम्ही इथं होतात."

"हो, सुट्टीवर गेलो होतो तेव्हा नाशिकला उघडलं."

"अनिवासी माणसाला जुनं चालू ठेवता येतं. नवीन उघडता येत नाही. फॉर्मवर तुम्ही निवासी आहात असं लिहिलंत."

"आपा, सगळेच लिहितात."

"सगळे इथं बसलेले नाहीत. तुम्ही बसलाय."

त्या वर्षी मिलिंदनं ते खातं बंद केलं. त्यावरची करसवलत सोडली, आधी घेतलेलीही परत केली, आणि पुढचे दोन महिने जिन्यात आपा दिसल्या की तो मोबाइलमध्ये बघत खाली उतरायचा. आपा मात्र त्याला दर वेळी सलाम करायच्या.

त्यांच्याकडे पेन नसे. पेन्सिल असे. कागदावर सगळं पेन्सिलीनं लिहून देत आणि मग लॅपटॉप समोरच्याकडे वळवून म्हणत, "आता तुम्ही भरा. बटण तुम्ही दाबा." कुणी म्हणालं, आपा, तुम्हीच दाबा ना, तर म्हणत, "विवरणपत्र तुमचं आहे. तुम्ही खरं सांगताय असं तुम्ही म्हणायचंय. मी कोण?" आणि निम्म्या लोकांना तर त्या पाच मिनिटांत उठवत. भारतात कमाईच नाही, तर भरायचं काय? "तुम्हाला गरज नाही. चहा घ्या." माणसं हिरमुसून चहा घेत. इतकी चांगली फाइल करून आणलेली असायची.

आमच्या इमारतीतच इब्राहिम नावाचे एक वेल्डर राहत, श्रीवर्धनकडचे. बावीस वर्षं इथं. त्यांच्याकडे फाइलच नव्हती, नुसते दोस्ताबरोबर आले होते. आपांनी तरी विचारलंच. ते म्हणाले, "आमचं कसलं म्हातारपण, आपा? हात चालतात तवर चालतात."

"सौदीला यायच्या आधी काय करत होता?"

"ठाण्याला कारखान्यात होतो. चार वर्षं एकात, तीन वर्षं दुसऱ्यात."

"पीएफ कापत होते?"

"कापत असतील. कोण बघायला गेलंय?"

ते बघायला आपांना आठ महिने लागले. दोन्ही कारखाने बंद पडलेले, इब्राहिमभाईंच्या नावाची तीन स्पेलिंगं. शेवटी दोन्ही खाती सापडली तेव्हा त्यांचा भाऊ तिकडे पैसे काढायला निघाला होता. आपांनी त्याला फोनवर थांबवलं. पहिलं खातं आधी दुसऱ्यात वळतं करा, म्हणाल्या. वेगवेगळं काढलं तर एक नोकरी चार वर्षांची आणि एक तीन. पाच वर्षं न भरलेल्या नोकरीचा पैसा करपात्र. जोडून घेतलं तर सात वर्षं, कर नाही. इब्राहिमभाईंना त्यातलं फार कळलं नसावं. पैसे हातात आले त्या शुक्रवारी ते आले आणि टेबलापाशी उभे राहिले. आपा म्हणाल्या, "विवरणपत्रात करमुक्त रकमेच्या रकान्यात दाखवायचं. कर नाही म्हणून लपवायचं नाही." इब्राहिमभाई म्हणाले, "आपा, तुम्ही सांगाल तिथं दाखवतो." आणि डोळे पुसत जिना उतरून गेले.

सगळ्यात लांबून यायचे ते बर्वे. पुण्याचे, पण तीस वर्षं अमेरिकेत राहून तिथलं नागरिकत्व घेतलेले, आणि आता किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत बंदराच्या कामावर. पुण्यातल्या फ्लॅटच्या भाड्याचं विवरणपत्र एवढंच त्यांचं आपांकडे काम. एकदा त्यांच्या फाइलीतून चुकून एक अमेरिकन कागद टेबलावर आला. आपांनी तो वाचला, कारण तो समोर होता.

"हे काय आहे?"

"ते भारतातलं नाही. माझं तिकडचं रिटायरमेंटचं जुनं खातं होतं, ते मी यंदा दुसऱ्या प्रकारच्या खात्यात बदलून घेतलं. जुन्यातून काढताना कर लागतो. नव्यात बदलताना एकदाच भरायचा, मग पुढं काही नाही. भरतोय मी सगळ्या रकमेवर."

"सगळ्या रकमेवर?"

"कागदावर तेच लिहिलंय."

"अमेरिकेचं मला येत नाही," आपा म्हणाल्या आणि पुण्याच्या फ्लॅटकडे वळल्या. दहा मिनिटांनी पुन्हा म्हणाल्या, "हे पैसे आत घातले तेव्हा त्यांच्यावर कर भरला होता का?"

बर्व्यांना आठवेना.

असा बदल ज्या अमेरिकन फॉर्मवर दाखवायचा असतो, त्याच्या सूचना आपांनी बर्व्यांकडून मागून घेतल्या. पुढचे तीन आठवडे त्या आणि एक इंग्रजी शब्दकोश टेबलाशी होते. मी संध्याकाळी गेले की त्या एकेक ओळ मराठीत उतरवून काढत असायच्या. "ओळ एक: या वर्षी आत घातलेली, ज्यावर सवलत घेतली नाही अशी रक्कम." चौथ्या शुक्रवारी बर्वे आले तेव्हा आपांनी निकाल सांगितला.

"फॉर्म चांगला आहे. एकच गोष्ट विचारतो, की कर भरलेला पैसा किती. पण सरळ विचारत नाही. तुम्ही तिकडे पगार चांगला घेत होतात. कंपनीची वेगळी योजनाही होती. असं असलं की तिकडे सवलत देत नाहीत, म्हणजे या खात्यात घातलेल्या पैशांवर तुम्हाला ती मिळाली नसणार. तेवढ्यावर तुम्ही कर आधीच भरलाय. आता बदलताना पुन्हा भरणार?"

"पण तसं दरवर्षी त्या फॉर्मवर दाखवायला हवं होतं ना? मी तो फॉर्म कधी भरलाच नाही."

"मग आता भरा. उशिरा भरता येतो, तसं लिहिलंय. थोडा दंड बसेल. जुन्या वर्षांची विवरणपत्रं कुठं आहेत?"

बर्व्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "ह्यूस्टनला. माझ्या आधीच्या बायकोकडे."

"फोन करा."

"आपा, मी तिच्याशी सात वर्षं बोललेलो नाही."

"बोलू नका. कागद मागा."

युसुफभाईंनी टीव्हीवरची नजर काढून बर्व्यांकडे पाहिलं आणि कुणी न सांगता चहा करायला उठले.

बर्व्यांनी खरंच फोन केला. दोन दिवसांत सगळे कागद स्कॅन होऊन आले. वर्षवार लावलेले, वर यादी, जिथं सवलत घेतलेली नव्हती तिथं पिवळी खूण. बर्व्यांनी त्यांच्या प्रती आपांपुढं ठेवल्या. आपांनी एकेक पान उलटलं, यादीशी ताडून पाहिलं. एकही कागद कमी नव्हता.

"बाई व्यवस्थित आहेत," आपा म्हणाल्या. मग चष्म्यावरून बर्व्यांकडे पाहून विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

बर्व्यांनी कागद गोळा करून फाइलीत घातले. मागच्या वर्षांचे राहिलेले फॉर्म त्यांनी सगळे भरले, सोबत उशिराचं कारण लिहिलेलं पत्र जोडलं, आणि त्यांचा कर जवळजवळ निम्म्यावर आला. पुढच्या वर्षापासून ते ह्यूस्टनला सणावाराला फोन करायला लागले, असं त्यांनीच मला सांगितलं. मी आपांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ते विवरणपत्रात येत नाही."

एकदा मी न राहवून विचारलं होतं, "आपा, तुमचं म्हातारपण कुठं ठेवलंय?"

त्या कागदांना टाचणी लावत होत्या. "माझं मुकादमांकडे आहे गो. मी आश्रित आहे ना." मूलबाळ नव्हतं. सहा वर्षं वकिलांकडे केली ती हातात रोख पगार घेऊन. नावावर बँकेचं खातंसुद्धा नव्हतं. त्या हे असं सांगत की जणू दुसऱ्याच कुणाची फाइल वाचताहेत.

मग तो नियम आला की मोबाइलच्या दुकानांतून फक्त सौदी माणसांनीच काम करायचं. युसुफभाईंचा मालक चांगला होता. त्यानं त्यांना लगेच काढलं नाही, नव्या माणसाला शिकवून तयार करा, म्हणाला. फहद नावाचा तो तरुण सौदी एका शुक्रवारी मालाची यादी समजून घ्यायला घरी आला. आपा बसलेल्या होत्या, रांगेत चौघे होते. फहदची पाळी आली असं समजून आपांनी त्यालाही म्हातारपणाचं विचारलं. युसुफभाईंनी अरबीत सांगितलं. फहद हसला.

"मी तेवीस वर्षांचा आहे."

"पगारातून तुझ्या पेन्शनचं कापतात. कधी बघितलंस?"

नव्हतं बघितलं. फहदनं मोबाइलवर सरकारी विम्याचं पान उघडलं आणि त्याचं हसू गेलं. त्या पानाप्रमाणे तो मागचे सात महिने तबुकच्या एका गाद्यांच्या कारखान्यात नोकरीला होता. तबुक त्यानं पाहिलेलंही नव्हतं. कुणीतरी आपल्याकडे सौदी माणसं पुरेशी आहेत हे दाखवायला त्याच्या ओळखपत्राची प्रत वापरली होती. काकानं मागून नेली होती, त्याला आठवलं.

"वर्गणी भरलेली दिसतेय," युसुफभाई म्हणाले. "त्याचा फायदाच आहे यात."

"न केलेल्या नोकरीची पेन्शन घ्यायची?" आपा म्हणाल्या. "सांगा त्याला, कळव म्हणावं. आज तेवीसचा आहे, साठाव्या वर्षी कुणी विचारलं तर तबुकबद्दल काय सांगणार?"

फहदनं कळवलं. काका त्याच्याशी वर्षभर बोलला नाही. फहद मात्र त्यानंतर युसुफभाईंना 'अम्मी', म्हणजे काका, म्हणायला लागला. ज्या दिवशी युसुफभाईंनी दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या, त्या दिवशी दोघंही दुकानाबाहेर बराच वेळ नुसते उभे होते, असं मिलिंद सांगायचा.

युसुफभाईंना मालकानं गोदामावर कमी पगाराचं काम दिलं. त्यातच आश्रितांसाठी माणशी दरमहा शुल्क सुरू झालं, आणि ते दरवर्षी वाढणार होतं. आमच्या इमारतीतली कुटुंबं एकेक करून निघाली. शाळेत माझ्या वर्गातले बाक रिकामे व्हायला लागले. आपांच्या घरी मात्र गर्दी वाढली. परत जाणाऱ्यांना सगळंच विचारायचं असे: निवासी कधी होणार, एनआरआय खाती कधी बदलायची, इथं मिळालेले सेवाअखेरचे पैसे कुठं दाखवायचे. आता त्या शनिवारीही बसायला लागल्या.

एका शनिवारी सगळे गेल्यावर त्या म्हणाल्या, "मुकादम, मी महिन्याला किती पडते ते मी काढलं. आपण जाऊ या."

"एकटी तू जा, मी दोन वर्षं काढतो," युसुफभाई म्हणाले.

"मी आश्रित आहे. एकटी कशी जाऊ?"

हे त्या विनोदानं म्हणाल्या की काय, इतक्या वर्षांच्या ओळखीनंतरही मला सांगता यायचं नाही. पण युसुफभाईंनी दुसऱ्या दिवशी मालकाकडे राजीनामा दिला.

निघण्याआधीच्या शुक्रवारी शेवटची फाइल युसुफभाईंची होती. मी कप विसळायला मदत करत होते. त्यांचं विवरणपत्र दरवर्षी आपाच करत, रत्नागिरीतल्या दोन गाळ्यांचं भाडं होतं. आपांनी त्यांना सोफ्यावरून उठवून समोरच्या खुर्चीत बसवलं.

"नाव?"

"शमीम, आता नाव काय विचारतेस?"

"नाव?"

"युसुफ दाऊद मुकादम."

"म्हातारपण कुठं कुठं ठेवलंय?"

त्यांनी बँक सांगितली, गाळे सांगितले, कंपनीचे सेवाअखेरचे पैसे सांगितले. आपांनी पेन्सिलीनं लिहून घेतलं. "आणखी?"

"नाही."

"मुकादम, आता आपण निवासी होणार. काही राहिलं असेल तर आज सांगा."

युसुफभाईंनी खुर्ची मागं सारली. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पासबुक घेऊन आले. पीपीएफचं होतं. आपांनी चष्मा नीट केला आणि पहिलं पान वाचलं. खातेदाराचं नाव शमीम युसुफ मुकादम. मग त्यांनी पंधरा वर्षांच्या सगळ्या नोंदी वाचल्या, एकही न सोडता. एकही वर्ष रिकामं गेलेलं नव्हतं. मी ओला कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि आता त्या रडणार असं मला वाटत होतं.

"हे सवलतीत का दाखवलं नाही?" आपा म्हणाल्या.

"दाखवलं असतं तर तुला कळलं असतं."

"बायकोच्या खात्यात भरलं तरी सवलत मिळते. पंधरा वर्षं जास्तीचा कर भरलात."

"भरला."

"मी भरायला लावला. या टेबलावर बसून."

"हो."

"कळलं असतं तर काय झालं असतं?"

"तू म्हणाली असतीस, गाळ्याचं कर्ज आधी फेडा. मग म्हणाली असतीस, बहिणीचं लग्न आहे, त्यात घाला. बंदच करायला लावलं असतंस."

आपांनी हे नाकारलं नाही. पुन्हा पहिलं पान उघडलं. "खातं उघडायला माझी सही लागते."

"तू केलीस. लग्नाला दोन महिने झाले होते. मी इकडे यायला निघालो होतो, गाडी दारात होती. कागद पुढं केला तर म्हणालीस, कुठं करू?"

"वाचला नाही मी?"

"नाही वाचलास."

आपांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उठल्या, माझ्या बाजूनं स्वयंपाकघरात आल्या आणि नळ सोडून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. धुवायला काही उरलं नव्हतं. मी बाहेरच्या खोलीत गेले. युसुफभाई त्या खुर्चीतच बसून होते, कुणी उठा म्हणेपर्यंत उठायचं नाही असे.

बऱ्याच वेळानं नळ बंद झाला. आपा येऊन बसल्या. तोंड धुतलेलं होतं. "मुदत मार्चमध्ये संपलीय. अनिवासीला वाढवून मिळत नाही. बंद करावं लागेल."

"मग बंद कर."

"पैसे माझ्या नावावर येतील."

"येऊ देत."

"मला बँकेत खातं नाय हो," आपा म्हणाल्या. त्या आम्हा दोघांपैकी कुणाकडेच न बघता बोलल्या, आणि गावचं बोलणं तेवढं एका वाक्यापुरतं वर आलं.

"मग उघडू या," युसुफभाई म्हणाले.

त्यांना विमानतळावर सोडायला मिलिंद आणि मी गेलो होतो. दोन ट्रॉल्या होत्या, चौदा वर्षांच्या मानानं कमीच. निरोपाला आपांनी माझा हात धरला, या वर्षी विवरणपत्राची तारीख चुकवू नको म्हणाल्या, आणि आत गेल्या. मधली काच आडवी आली. आम्ही जरा वेळ तिथंच थांबलो. पासपोर्टच्या रांगेत त्या दोघांच्या पुढं बरीच माणसं होती. आपा मागं वळून युसुफभाईंना काहीतरी सांगत होत्या, बोटांवर जास्तीच्या कराचं एकेक वर्ष मोजत असाव्यात तशा. एका हाताची बोटं संपली, मग दुसऱ्या. युसुफभाई मान डोलावत होते. मग ते हसले. आपा हसल्या नाहीत. त्यांनी युसुफभाईंच्या हातातली जड ट्रॉली स्वतःकडे ओढून घेतली, आपली हलकी त्यांच्यापुढं ढकलली, आणि रांग सरकली तशा पुढं जात पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.